तीन नंबरची उघडी नोंद

"हात वर करा!"

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. आता प्रेमकथेची सुरुवात अशी असते का? पण माझ्या वाट्याला हीच आली, त्याला मी काय करू!

क्षणभर वाटलं, दरोडा पडला. मग वाटलं, रक्त-लघवी तपासायच्या लॅबवर दरोडा घालून कोण काय बांधून नेणार आहे? मान वर केली. काउंटरच्या काचेपलीकडे एक उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. धाप लागलेली, कपाळावर घाम, डाव्या बुटाची नाडी सुटून फरशीवर लोळत होती.

"म्हणजे… कीबोर्डवरून," तो घाईघाईने म्हणाला. "कीबोर्डवरून हात वर करा. प्लीज. अख्खी लॅब तुमच्यासाठी थांबलीये."

"माझ्यासाठी? माझ्यासाठी तर घरी जेवायलासुद्धा कुणी थांबत नाही."

तो हसला नाही. घड्याळाकडे पाहिलं, माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. "तुमची एक नोंद अर्धवट उघडी आहे. ती बंद झाल्याशिवाय मला सिस्टीम थांबवता येत नाही. आणि ती थांबल्याशिवाय प्रत घेता येत नाही."

"आणि तुम्ही कोण?"

"मी… तळघरातला."

शेजारच्या एक नंबरच्या खिडकीत मोठ्या बाई बसतात. वीस वर्षांची नोकरी, आणि कान असे की दुसऱ्या मजल्यावर टाचणी पडली तरी यांना कळावं. त्या तिथूनच म्हणाल्या, "अगं, तळघरातून चढून आलाय बिचारा, जरा बस तरी म्हण त्याला!"

मी नोंद पूर्ण केली. चार सेकंदांत. बटण दाबलं आणि दोन्ही हात खरंच वर केले, अगदी खांद्याच्या वर. तेव्हा मात्र त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला.

तर आधी आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोंदणीच्या तीन नंबरच्या खिडकीत बसते. पेशंट आला की नाव, वय, पत्ता, कुठली तपासणी, कुठल्या डॉक्टरने पाठवलं हे सगळं टाइप करायचं. बटण दाबलं की काळ्या रेघांची चिठ्ठी निघते. ती नळीवर चिकटते, नळी आत जाते आणि थोड्या वेळाने रिपोर्ट बाहेर येतो. इतरांना एका नोंदीला दोन मिनिटं लागतात, मला चाळीस सेकंद. म्हणून माझं नाव एक्सप्रेस. मला या नावाचा अभिमान आहे, उगाच लाजून कशाला खोटं बोलू?

या सगळ्या माहितीची रोज एक प्रत काढून बाजूला ठेवतात. मशीन कधी बिघडलंच तर त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करता यावं म्हणून. पूर्वी ही प्रत चालू कामातच घ्यायचे. मग एकदा मशीन खरंच बंद पडलं, जुनी प्रत बाहेर काढली, तर आत सगळा गोंधळ. सकाळपासून ज्यांनी रक्त दिलं होतं त्यांना परत बोलावून परत सुई टोचावी लागली. लोकांनी आम्हाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर हा मुलगा आला, तीन महिन्यांच्या बोलीवर. त्याचा नियम असा की रोज साडेबारा वाजता, सकाळची गर्दी ओसरली की, सहा मिनिटं कुणीही काहीही टाइप करायचं नाही.

"सहा मिनिटं!" मी त्या पहिल्या दिवशी त्याच्याशी भांडले. "सहा मिनिटांत माझ्या नऊ नोंदी होतात. चालू कामातच घ्या की प्रत. आम्ही काय तुमचा हात धरलाय?"

त्याने थोडा विचार केला. "तुमच्या घरी लहान मुलं आहेत?"

"भाची आहे. एकटीच आहे, पण दहा जणांना पुरून उरेल."

"समजा, तशी दहा आहेत. तीन खोल्यांतून पळतायत आणि तुम्हाला मोजायचीयत. पहिली खोली मोजून तुम्ही दुसरीत गेलात, तेवढ्यात दुसरीतला एक पळत पहिलीत आला. तो राहिला. पहिलीत मोजलेला एक तिसरीत जाऊन लपला. तो दोनदा मोजला गेला. आकडा दहाच आला… पण एक पोर हरवलंय आणि तुम्हाला पत्ताच नाही."

"मग करायचं काय?"

"जोरात ओरडायचं. आहात तिथे उभे राहा! मग मोजायचं. मग म्हणायचं, पळा आता."

"स्टॅच्यू!" मोठ्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून त्याचं नाव स्टॅच्यू पडलं. त्याला ते कळलं, आणि त्याने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला स्क्रीन पिवळी झाली. वर अक्षरं आली – हातातली नोंद पूर्ण करा, नवी सुरू करू नका. सगळ्यांच्या नोंदी बंद झाल्या की स्क्रीन निळी होते आणि सहा मिनिटं निळीच राहते. पण माझ्यासमोर एक आजी होत्या, त्यांना स्वतःचं वय आठवेना. त्यामुळे पुन्हा मीच शेवटची राहिले, आणि पुन्हा तो धापा टाकत हजर. खरं सांगते, त्या दिवशी मुद्दाम नव्हतं.

तिसऱ्या दिवशीही नव्हतं.

चौथ्या दिवशी… थोडंसं होतं.

मी काय करायची, सगळी नोंद भरायची आणि शेवटचा रकाना, पाठवणाऱ्या डॉक्टरांचा, तेवढा रिकामा ठेवायची. साडेबारा वाजायचे, स्क्रीन पिवळी व्हायची. मी केस कानामागे सारायची आणि जिन्याकडे कान लावायची. दोन मजले. टप टप टप… आधी बुटांचा आवाज, मग तो.

"रोज तुम्हीच कशा शेवटच्या?"

"जो काम करतो त्याच्याच अंगावर काम पडतं. ऐकलं नाहीत कधी?"

"एक रकाना तर राहिलाय."

"तोच तर अवघड असतो."

मी बटण दाबायची, स्क्रीन निळी व्हायची. आणि तो परत तळघरात जायचा नाही. सहा मिनिटं खाली त्याला काही कामच नसतं, यंत्र आपलं आपण प्रत काढतं. तो काचेला टेकून उभा राहायचा. दिवसभर माशांच्या बाजारासारखी गजबजलेली आमची लॅब त्या सहा मिनिटांत अशी शांत व्हायची की फ्रीजची घरघर ऐकू यायची. मोठ्या बाई डोळे मिटून बसायच्या. झोपायच्या नाहीत, त्यांचे कान आमच्याकडेच असायचे.

"तळघरात काय असतं हो?"

"पंखे असतात. थंडी. बारके बारके दिवे. बोलायला कुणी नसतं."

"म्हणून वर येता होय?"

"वर मी नोंदीसाठी येतो."

"नोंद तर झाली की बंद. अजून उभे का?"

तो खाली बघायचा. "नाडी बांधतोय."

"रोज सुटते?"

"रोज."

"गाठ येत नाही, की बांधायचीच नसते?"

त्याचे कान लाल व्हायचे. कान लाल होणारा मुलगा मी आधी पाहिला नव्हता. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्याला काय म्हणायचं हे मी आदल्या संध्याकाळी भांडी विसळताना ठरवून ठेवायला लागले.

एकदा बाहेर बारीक पाऊस लागला होता, पेशंट कमी होते. तेव्हा त्याने आपण होऊन सांगितलं. आधीच्या नोकरीत तो तीन वर्षं रोज प्रत घ्यायचा, डबे भरून फडताळात रचून ठेवावेत तशी. एकदाही उघडून पाहिली नव्हती. ज्या दिवशी खरी गरज पडली त्या दिवशी उघडली, आणि आत काही म्हणजे काहीच धड नव्हतं.

"कुणी काढलं नाही मला," तो म्हणाला. "मीच सोडली. कुणाच्या तोंडाकडे बघवेना."

"मग इथे?"

"इथे म्हटलं, आधी उघडून दाखवीन, मगच कायम करा. तिसरा महिना संपताना तालीम आहे. डॉक्टर मॅडम म्हणतील त्या दिवसाची प्रत वेगळ्या मशीनवर उघडायची आणि तुमच्या कागदी रजिस्टरशी ताडून पाहायची. जुळली तर नोकरी पक्की."

"आणि नाही जुळली तर?"

"तर बॅग भरायची."

तो अगदी सहज म्हणाला.  तोपर्यंत मी स्वतःशी म्हणत होते की ही आपली गंमत चाललीये, दुपार बरी जाते. त्या क्षणी कळलं की गंमत केव्हाच संपली होती. मला तो आवडत होता. चांगलाच आवडत होता.

आता तो मंगळवार सांगते.

दर मंगळवारी एक टोपीवाले आजोबा साखर तपासायला येतात. त्यांना जन्मतारीख विचारली की त्या वर्षी केवढा पूर आला होता तेही सांगतात. त्या दिवशी त्यांची नोंद भरली, शेवटचा रकाना ठेवला आणि म्हटलं, "आजोबा, दोन मिनिटं बसा हं." साडेबारा झाले. स्क्रीन पिवळी. मी केस कानामागे सारले.

एकतीस झाले. बत्तीस झाले. जिन्यात काहीच आवाज नाही. आणि मग पिवळी स्क्रीन निळी न होता आपली आपण पांढरी झाली, रोजच्या कामासारखी.

मला वाटलं, आज थांबणं रद्द झालं असेल. थोडी खट्टूच झाले. शेवटचा रकाना भरला, बटण दाबलं, चिठ्ठी निघाली, नळी आत गेली. साखरेचं यंत्र दोन मिनिटांत आकडा देतं. पाच-दहा मिनिटांत आजोबा रिपोर्ट घेऊन गेलेसुद्धा.

पाऊण वाजून गेल्यावर तो आला. मॅडमनी केबिनमध्ये अडकवून ठेवलं होतं म्हणे.

"आज सुट्टी वाटतं आम्हा पुतळ्यांना?" मी म्हणाले.

त्याने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. चेहरा जरासा उतरला. "बघतो," म्हणाला आणि निघून गेला. नाडी न बांधता.

गुरुवारी तालीम झाली. वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत वेगळं मशीन मांडलं होतं. मोठ्या बाईंनी आणि मी कागदी रजिस्टरं नेली होती. डॉक्टर मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, बारीक अंगाच्या, बोलणं मोजकं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मंगळवार उघडा."

त्यांनी सहज निवडला असेल. मला मात्र तेव्हाही काही कळलं नाही, मी मजेत उभी होते.

प्रत उघडली. तो आकडे वाचू लागला. "पेशंट दोनशे तेरा. नमुने दोनशे तेरा. रिपोर्ट…" तो थांबला. "दोनशे चौदा."



"एक रिपोर्ट जास्त आहे," तो हळू म्हणाला. "साखर तीनशे बारा. पण माणूस… नाही. याचं नावच नाही प्रतीत."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे मंगळवारी मशीन बंद पडलं असतं, तर तीनशे बारा साखर असलेला हा माणूस कोण, हे आपल्याला सांगता आलं नसतं. कागदी रजिस्टरं पुढच्या महिन्यापासून बंद होणार आहेत. मग कुठे शोधलं असतं त्याला?"

मोठ्या बाईंनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "बारा तेहतीस. तीन नंबर खिडकी."

 टोपीवाले आजोबा! चालू मशीनमध्ये त्यांचं सगळं नीट होतं, ते सुखरूप होते. पण प्रतीत त्यांचा आकडा होता आणि ते नव्हते. पेशंटची यादी उतरवून झाल्यावर मी त्यांना आत घातलं होतं, आणि रिपोर्टची यादी उतरेपर्यंत त्यांचा रिपोर्ट आला होता. ते तीन खोल्यांतून पळणारं पोर मीच पळवलं होतं.

"खिडकीची चूक नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी दोन मिनिटांची मर्यादा ठेवली होती. तेवढ्यात नोंद बंद झाली नाही तर यंत्र वाट न बघता प्रत काढायला लागतं आणि मला इशारा देतं. इशारा आला होता. मी ती प्रत तेव्हाच बाद करायला हवी होती. चूक माझी आहे."

"उद्या अकराला केबिनमध्ये या," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण कारण घेऊन."

आणि मी? दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी दगडासारखी उभी राहिले. तो कागद गोळा करून निघून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी आले तर वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, "काय गं, एक्सप्रेस रुळावरून घसरली वाटतं?"

मी तिला सगळं सांगितलं. शेवटचा रकाना, जिन्यातला आवाज, मंगळवार, तीनशे बारा. ती आधी हसली, मग घड्या घालायची थांबली.

"मग उद्या जाऊन सांग."

"काय सांगू? त्यांनी विचारलं, नोंद उघडी का ठेवली, तर?"

"जे आहे ते."

"वहिनी, अख्खी लॅब हसेल मला!"

"हसू दे की. हसून झालं की लोक आपापल्या घरी जातील. तो मात्र बॅग भरून जाईल, त्याचं काय?" तिने टॉवेलची घडी माझ्या हातात कोंबली. "आणि तू नाही सांगितलंस म्हणून लपणार आहे का? कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, बाई. उद्या कळायचं ते कळेलच, फक्त तो गेल्यावर कळेल."

शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी मॅडमच्या केबिनचं दार ढकललं. तो टेबलासमोर उभा होता. बाजूच्या खुर्चीत मोठ्या बाई रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, ती नोंद मी उघडी ठेवली होती. मुद्दाम."

"मुद्दाम?" मॅडमचं पेन थांबलं. "का?"

रात्रभर घोकलेलं एकही वाक्य आठवेना.  मी भिंतीकडे बघून म्हणाले, "हा वर यावा म्हणून."

मोठ्या बाईंना जोराचा ठसका लागला.

"आणि हे किती दिवस चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"तीन महिने होत आले… म्हणजे, रविवार सोडून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "उघडी नोंद तुम्हाला खालूनच बंद करता येत नाही का?"

"येते, मॅडम," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण अर्धी नोंद पुसली जाते."

एवढंच. मी लाजलज्जा गुंडाळून तिथे उभी होते आणि या माणसाने तांत्रिक उत्तर दिलं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला तेव्हा समजलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्याला म्हणाल्या, "तालीम असते ती चूक सापडावी म्हणूनच. सापडली. आता अर्धी नोंद न पुसता आपोआप बाजूला राहिली पाहिजे. आणि सगळं थांबलं नाही तर प्रत निघताच कामा नये. आठवडा देते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तालीम. तेव्हा जुळलं नाही तर आपला रामराम." मग माझ्याकडे वळल्या. "तुला लेखी ताकीद मिळेल."

"हो, मॅडम."

"कारणाच्या जागी ‘नोंद वेळेत बंद केली नाही’ एवढंच लिहिते. बाकीचं कागदावर नको." त्यांच्या आवाजात हसू होतं की काय, मला नीट सांगता येणार नाही. मी तोपर्यंत दाराबाहेर पडले होते.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. सोमवारपासून मी सव्वाबारालाच सगळं बंद करून हात मांडीवर ठेवून बसायची. चारच्या खिडकीतल्या बाईंची नोंद बुधवारी उघडी राहिली. साडेबाराला ती आपोआप बाजूला सरकली आणि सहा मिनिटांनी जशीच्या तशी परत आली. उत्तम सोय केली होती त्याने. आता कुणीही वर यायची गरजच नव्हती, आणि कुणी आलंही नाही. निळ्या स्क्रीनसमोर फ्रीजची घरघर ऐकत मी स्वतःला सांगायची की बरं झालं, त्याची नोकरी वाचू दे, बाकी काही नको. पण खोटं होतं ते. मला बाकीचंही हवं होतं.

"मुलगा बावळट आहे," मोठ्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पण मनाचा खोटा नाही. धीर धर जरा."

दुसऱ्या शुक्रवारी दुपारी तीनला पुन्हा तीच खोली, तेच मशीन. मॅडम म्हणाल्या, "बुधवार."

"पेशंट दोनशे एकतीस," तो वाचू लागला.  "नमुने… दोनशे एकतीस."

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"रिपोर्ट दोनशे एकतीस."

मॅडमचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी रजिस्टरातली मनाला येतील ती वीस नावं काढली आणि एकेक शोधायला लावली. प्रत्येक माणूस सापडला. प्रत्येकाची नळी सापडली, प्रत्येकाचा आकडा ज्याचा त्याच्यापाशी होता. विसावं नाव जुळलं तेव्हा मॅडमनी कागद पुढे ओढून सही केली. "सोमवारपासून कायम," म्हणाल्या, आणि सगळे त्याच्याभोवती जमले. मी तेवढ्यात सटकले. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

खिडकीत येऊन बसले. साडेचार वाजले असतील. एकही पेशंट नव्हता. उगाच टेबल पुसत होते, तेवढ्यात काचेवर सावली पडली.

धाप लागलेली नव्हती. म्हणजे हळूहळू चढून आला होता.

"कुठली नोंद उघडी राहिलीये?" मी मान वर न करता विचारलं.

"कुठलीच नाही."

"मग काय काम आहे?"

"काही काम नाही," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "तीन महिन्यांत पहिल्यांदाच बिनकामाचा आलोय. म्हणून जरा… भीती वाटतेय."

मी फडकं खाली आपटलं. "आठवडाभर कुठे होतात? मी त्या दिवशी सगळ्यांसमोर लाज सोडून सांगितलं, आणि तुम्ही काय म्हणालात? अर्धी नोंद पुसली जाते!"

"खरंच पुसली जायची."

"अहो!"

"पण ती तुम्ही चाळीस सेकंदांत परत केली असतीत," तो म्हणाला. कान लाल व्हायला लागले होते. "मला ठाऊक होतं ना तुमचा वेग. तुमचे चाळीस सेकंद वाचवायला मी रोज दोन मजले धावत होतो… हे मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच मला घरी पाठवलं असतं."

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी हसू आलंच.

"आणि हा आठवडा?"

"नोकरी राहील की नाही माहीत नव्हतं. तुम्हाला काहीतरी बोलायचं आणि सोमवारी बॅग घेऊन निघून जायचं, हे मला जमलं नसतं. एकदा तसा पळालोय मी. म्हटलं, आधी जुळू दे."

"मग? जुळलं?"

"दोनशे एकतीस."

"मी आकडा नाही विचारला."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. आजूबाजूला पाहिलं. मोठ्या बाईंचे डोळे गच्च मिटलेले होते, नको इतके गच्च.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून… नाही, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी राग आला होता. तिसऱ्या दिवसापासून. तू ती नोंद मुद्दाम ठेवतेस हे माहीत असतं तर मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो असतो."

तू. किती सहज म्हणाला! एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, कुणी एक म्हटलं तर मी चार ऐकवते. त्या दिवशी मात्र एकच शब्द निघाला.

"मलाही."

 मग मीच मशीन बंद केलं, पर्स उचलली आणि खिडकीचं दार लोटून बाहेर आले. मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, "अगं ए, सुटायला अजून अर्धा तास आहे!" आणि लगेच, जरा हळू, "जा, मी बघते इथलं."

आम्ही जिन्याने खाली निघालो. कुणालाच घाई नव्हती.